सोड म्हणेपर्यंत

तुकूम, चंद्रपूर
१९ नोव्हेंबर १९८५

अहो, जयभीम.

तुम्ही पोंभुर्ण्याला सुखरूप पोचल्याचं देवाजी भाऊजींच्या निरोपावरून कळलं. भाजीच्या ट्रकवाल्याने दारात उभं राहून मोठ्याने सांगितलं, "दादा कापणीत लागला हाय, काळजी नोको म्हनते." एकसष्टाव्या वर्षी तुम्ही विळा घेऊन वाफ्यात वाकलेले माझ्या डोळ्यांसमोर येत नाही, पण निरोप तसा होता म्हणून तसा लिहिते.

जाताना तुम्ही म्हणालात, भात उभं आहे, देवाजीले माणूस भेटून नाई राह्यला. मी खरं मानलं. दुपारी शेजारच्यांनाही तेच सांगितलं.

मफलर इथेच राहिला आहे. पहाटे गारवा असतो, भाऊजींचा घ्या. खोकल्याचं औषध बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात ठेवलं होतं, सापडलं असेलच.

गाडी कडुनिंबाखाली तुम्ही ठेवलीत तशीच आहे. कालपासून पॉवर हाऊसची राख जास्त उडते, म्हणून वर जुनी चादर टाकली. स्टेशनवरून आलात त्या संध्याकाळी तुम्ही रबरं बदललीत, तो क्लच अजून तळाला टेकतो. मी दार उघडून एकदा पाय ठेवून बघितला. ओल्या मातीवर ठेवावा तसा खाली गेला, वर आलाच नाही. हाताने उचलला.

बायनाबाई रोज भांडी घासताना विचारते, "साहेब कवा येतेत?" मी म्हणते, कापणी झाली की. ती पातेलं जास्त वेळ घासते.

मालिनीचं मद्रासहून पत्र आलं. प्रवास चांगला झाला. तिने सगळ्यांना नमस्कार लिहिला आहे.

भाऊजींना आणि केसरबाईंना माझी आठवण सांगा.

तुमची
शेवंता

२५ नोव्हेंबर

अहो,

तुमचं उत्तर नाही. कामात असाल.

मागच्या पत्रात मी लिहिलं की मालिनीने सगळ्यांना नमस्कार लिहिला आहे. तसं तिने लिहिलेलं नाही. तिने लिहिलं आहे, "डॉक्टरसाहेबांची भेट राहून गेली, त्यांना माझा नमस्कार सांग. आणि तुझ्या ड्रायव्हरलाही सांग, जंगलातून इतकी सांभाळून गाडी चालवणारा माणूस मी पाहिला नाही." हे तुम्हाला कळवायला हवं होतं. कळवताना हात थांबला.

त्या सकाळचं मी आता सरळ लिहिते. तुम्ही म्हणाल, मी तिथेच होतो, मला काय सांगतेस. पण तुम्ही गाडीखाली होतात. वर काय झालं ते तुम्हाला दिसलं नाही.

तुम्ही ब्रेकची रबरं बदलली होती, नवं तेल भरलं होतं आणि चाकाचाकातून हवा काढायची होती. गाडी घेतल्यापासून हे काम आपण दोघांनीच केलं. तुम्ही खाली चाकामागच्या तोटीला, त्या निप्पलला नळी लावून, नळीचं टोक बाटलीत बुडवून, हातात पाना घेऊन पडायचं आणि मी वर सीटवर बसून पेडल दाबायचं. "दाब." मी दाबायची. "धर." मी धरायची, तुम्ही निप्पल ढिला करायचात, बुडबुडे यायचे. निप्पल आवळला की मग "सोड." एकदा तुम्ही मला म्हणाला होता, शेवंते, मी सोड म्हनेपर्यंत घराले आग लागली तरी पाय काढाचा नाई. मला त्या बसण्याचं फार सुख वाटायचं. तुम्ही दिसायचा नाहीत, नुसता आवाज यायचा आणि माझ्या पायाखाली तुमचं काम चाललेलं कळायचं.

त्या दिवशी मागचं उजवं चाक चालू होतं. मी दाबून धरलं होतं. फाटक वाजलं आणि रिक्षातून मालिनी उतरली. तार तिच्यानंतर दुपारी आली, ते तुम्हाला ठाऊक आहे. पस्तीस-छत्तीस वर्षांनी मी तिला बघत होते आणि ती तशीच होती, फक्त केस पांढरे आणि कपाळ मोकळं. ती थेट माझ्या खिडकीशी आली.

"शेवी, तूच ना गं? आणि गाडीत अशी एकटी काय बसलीस? ड्रायव्हर नाही आला आज?"

हा ड्रायव्हर माझ्या पत्रांतला होता. कित्येक वर्षं मी तिला लिहीत आले होते की आमचा ड्रायव्हर असा, आमचा ड्रायव्हर तसा. कॉन्व्हेंटच्या माळ्याची मुलगी होते मी, नन्सनी फुकट शिकवली म्हणून शिकले. बाबा खिडकीबाहेर गुलाब छाटत असायचे आणि आत मी कविता म्हणायची. वर्गातल्या मुली बाबांना हाक मारून फुलं मागायच्या. मालिनीने कधी मागितली नाहीत. ती माझ्या बाकावर बसायची. तिलाच मला दाखवायचं होतं की बघ, माझं कसं चांगलं झालं. मी डॉक्टर लिहायची, गुरांचे डॉक्टर लिहायची नाही. ड्रायव्हर त्या पाठोपाठ आला.

मी म्हटलं, "आहे ना. खाली आहे. काम चाललंय त्याचं."

"आणि डॉक्टर?"

"दौऱ्यावर गेलेत. सिरोंच्याला. तिकडे साथ आहे."

आणि तिला मिठी मारायला मी दार उघडून उतरले. तुम्ही सोड म्हणाला नव्हता. पेडल वर आलं, नळीने बाटलीतलं तेल आणि मागोमाग हवा उलटी ओढून घेतली असणार. खालून तुमचा नुसता "अगं" ऐकू आला.

मग तुम्ही सरकत बाहेर आलात. बनियन तेलाने भिजलेला, कोपराला माती. चिंधीने हात पुसलेत. मी वाट बघत होते की तुम्ही काहीतरी बोलाल, हसाल आणि मी सुटेन. तुम्ही माझ्याकडे न बघता तिला म्हणालात, "नमस्कार बाई. सामान कुठी ठेवाचं?"

तेव्हा बोलायला हवं होतं. तेवढा वेळ होता. मी म्हटलं, "पाहुण्यांच्या खोलीत."

तुम्ही कदाचित सगळं ऐकलंही नसेल. गाडीखाली पत्र्याचा, पान्याचा आवाज असतो. रिक्षाही सुरू होती. साथीचं वगैरे तुमच्यापर्यंत आलं नसेल, फक्त ड्रायव्हर एवढं आलं असेल आणि तुम्ही गमतीने धरून घेतलं असेल. असं मला वाटतं.

मालिनीला मी सविस्तर पत्र लिहिलं आहे. सगळं स्पष्ट कळवलं आहे. आता तो विषय मिटला.

तुम्ही या.

शेवंता

२ डिसेंबर

अहो, जयभीम.

तुमचं कार्ड काल मिळालं. चार ओळी आणि चारही गाडीच्या. "बाटलीतलं वापरलेलं तेल परत घालू नये. नवा डबा लोखंडी कपाटात वरच्या खणात. क्लचची हवा राहिली आहे. मेकॅनिकला दाखवावी." खाली सही. मी ते कार्ड दिवसभर कमरेला खोचून हिंडले. कार्ड आलं तर खरं.

गाडी मी मेकॅनिकला दाखवली नाही. आज सकाळी मी आणि बायनाबाईने क्लचची हवा काढली.

मी साडीचा काचा मारून गाडीखाली शिरले. विटा तुम्ही लावून ठेवल्याच होत्या. बायनाबाईला सीटवर बसवलं. ती स्टिअरिंगला हात लावायला तयार नव्हती, दोन्ही हात मांडीवर घेऊन देवळात बसावं तशी बसली.

"बाई, तुमी खालतं काऊन घुसून राह्यल्या? साहेब येतेत तं करतीन ना."

"मी दाब म्हटलं की डावीकडचं दाबायचं."

"दाबलं."

"अगं, मी अजून म्हटलं नाही."

शिकायला तिला वेळ लागला, पण चूक तिची नव्हती. तिच्या माहेरी भाताची ढेकी आहे. जन्मभर पायाने तेच केलेलं. ढेकीचा दांडा दाबला की लगेच सोडायचा असतो, सोडल्याशिवाय मुसळ उखळात पडत नाही. तिचा पाय दाबायचा आणि त्याच दमात सुटायचा आणि दर वेळी मी काढलेली हवा परत आत.

"मी सोड म्हणेपर्यंत सोडायचं नाही, बायना."

"असं कसं? पाय का तिथीच गाडून ठेवाचा?"

"हो. गाडून ठेव."

शेवटी ती दोन्ही पाय पेडलवर ठेवून जवळजवळ उभीच राहिली आणि मग जमलं. मी नळीकडे डोळे लावून होते. आधी फेस, मग मोठे बुडबुडे, मग मोत्यासारखे. तुम्ही इतकी वर्षं मला वरून विचारू द्यायचात, "येताहेत का अजून?" आणि "येऊन राह्यले" म्हणायचात. ते मी आज पहिल्यांदा पाहिलं.

ती पेडल धरून उभी असताना लच्छू दूधवाला कुंपणाशी आला. माझे पाय त्याला दिसले नसावेत. तो विचारत होता, साहेब कुठे आहेत, म्हशीला दाखवायचंय. बायनाबाईने आवाज अगदी खाली आणला.

"साहेब रुसून गेले. बाईनं पाहुनीच्या समोर त्यायले ड्रायव्हर केलं."

"अन् साहेब झाले?"

"झाले तं. दोन दिस ओट्यावर जेवले. ताट मीच नेलं ना."

"बाप्पा. म्हशीचा डॉक्टर अन् मोटारीचा ड्रायव्हर."

ती हसली नाही. "त्यायनं ताटात काईच टाकलं नाई," ती म्हणाली. "धुऊन ठेवल्यासारखं ताट होतं. मले वापस देताना म्हने, बायना, भाजी चांगली झाली होती म्हनून सांग आतमदी."

हे तिने मला सांगितलं नव्हतं.

मी खालून "सोड" म्हटलं. लच्छूची सायकल गेल्याचं ऐकू आलं. मग मी मुद्दाम मागे सरकत उजव्या चाकापाशी गेले, जिथे तुम्ही पडला होतात, आणि बायनाबाईला सांगितलं, खिडकीशी तोंड नेऊन हळूच काहीतरी बोल. तिला वाटलं मला घेरी आली. ती पुटपुटली, "काय बोलू बाई, मले तं भेव लागून राह्यला." एकेक अक्षर ऐकू आलं. तिच्या बांगड्या ऐकू आल्या. पत्र्याखाली आवाज कोंडतो, बाहेर असतो त्याहून स्पष्ट होतो.

म्हणजे तुम्ही सगळं ऐकलं होतं. साथीचंही.



आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. मालिनीला मी पत्र लिहिलेलं नाही. गेल्या वेळी खोटं लिहिलं, तुम्ही लवकर यावं म्हणून. तीनदा कागद घेतला. "प्रिय मालिनी" लिहून पुढे हवापाणी.

आणि ओट्यावरच्या ताटाचं. सासूबाईंनी मला लग्नाच्या वर्षीच सांगितलं होतं की गावात पाटलाकडच्या लग्नात तुम्हाला लहानपणी कसं बाहेर बसवायचे, पाणी कसं वरून ओतायचे. छप्पन साली दीक्षा घेऊन नागपूरहून परतलात तेव्हा तुम्ही त्यांना म्हणालात, माय, आता कोनाच्या ओट्यावर जेवाचं नाई. हे मला माहीत होतं. माहीत असून मी बायनाबाईच्या हातात ताट दिलं आणि आत मालिनीला वाढत बसले. आणखी हवं का म्हणून विचारायलासुद्धा दारात आले नाही. आले असते तर तुमच्याकडे बघावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. मी बिघडवलेलं काम तुम्ही पुन्हा करत होतात. मला हाक मारली नाहीत. पेडल दाबून त्यावर बांबूची काठी ठेवली होती, दुसरं टोक सीटला टेकवलेलं. खाली जायचं, निप्पल उघडायचा, आवळायचा, बाहेर येऊन काठी काढायची, पुन्हा दाबायचं, पुन्हा काठी. माझ्या जागी. मी चहा गाळला आणि ओट्यावर ठेवून आत गेले.

याहून वाईट एक आहे. ताडोब्याच्या रस्त्याला मी मागच्या सीटवर मालिनीशेजारी बसून तिला डॉक्टरांबद्दल सांगत होते. ते साथीत कसे रात्रंदिवस राबतात, आदिवासी त्यांना कसे देव मानतात, त्यांचं इंग्रजी वाचन. ती विचारत गेली, मी सांगत गेले. घाबरून सांगत होते असं म्हटलं तर ते अर्धंच खरं. मला सांगायला आवडत होतं. तो माणूस मला आवडायला लागला होता. आणि तुम्ही पुढे बसून तुमच्या बायकोने दुसऱ्याच नवऱ्याचं केलेलं कौतुक ऐकत गाडी चालवत होतात आणि वळणावर आरशात आपली नजर भेटली तेव्हा तुम्ही आरसा जरा फिरवलात. मोहर्लीच्या अलीकडे. मालिनीला वाटलं, ऊन येत असेल.

त्याच संध्याकाळी बकऱ्यावाला पोचू त्याची फुगलेली बकरी खांद्यावर घेऊन आला होता. मालिनी समोर, म्हणून तुम्ही त्याला म्हणालात, "डॉक्टर दौऱ्यावर हाय." तो बिचारा तोंड उघडं टाकून तुमच्याकडे बघत राहिला. मग तुम्ही त्याला दंडाला धरून मागच्या अंगणात नेलंत. मी मालिनीला शाळेचे फोटो दाखवत होते आणि मागून बकरीचं ओरडणं आणि मग थांबणं ऐकत होते. ती वाचली. पोचूने परवा सांगितलं.

आणि स्टेशनवर मालिनीने तुम्हाला विचारलं, बायको-मुलं आहेत का? तुम्ही तिची बॅग वर ठेवत म्हणालात, "बायको हाय ना बाई. कॉन्व्हेंटात शिकली हाय." ती किती हसली. मला म्हणाली, तुझा ड्रायव्हर विनोदी आहे गं. मीही हसले. तिथे तरी हसायला नको होतं.

क्लच आता वर येतो. पण तेल सांडलं ते मी लगेच पुसलं नाही, पुढच्या मडगार्डवर तळहाताएवढा रंग गेला आहे. तुम्ही नेहमी सांगायचात की हे तेल रंग खातं, आधी पाणी टाक. विसरले.

शेवंता

७ डिसेंबर

अहो,

मी सोमवारच्या पहिल्या एसटीने येते आहे. आधी कळवून येते आहे, कारण न कळवता आलेल्या माणसापुढे आपल्या घरात काय झालं ते तुम्ही बघितलंच आहे. तुम्ही थांब्यावर यायची गरज नाही. नाही भेटलात तर मी खळ्यावर येईन.

कितीदा तरी त्या गावाला आले, पण दर वेळी संध्याकाळची गाडी पकडून परत फिरले. या वेळी बॅग मोठी आणते आहे, केसरबाईंना सांगून ठेवा म्हणजे त्यांना कसंतरी होणार नाही.

शे.

पोंभुर्णा
१३ डिसेंबर १९८५

प्रिय मालिनी,

तुझं पत्र येऊन महिना होत आला आणि मी आता उत्तर लिहिते आहे. कारण हे की तुला जे कळवायचं ते माझ्या हातून लिहून होत नव्हतं.

आमच्याकडे तू आलीस तेव्हा जे गाडीखालून बाहेर आले, ज्यांनी तुझं सामान आत नेलं, तुला ताडोबा दाखवलं आणि स्टेशनवर तुझी बॅग डब्यात चढवली, ते आमचे ड्रायव्हर नव्हेत. ते डॉ. लटारू निमगडे. माझे यजमान. आमच्याकडे ड्रायव्हर नाही, कधीच नव्हता. ते गुरांचे डॉक्टर आहेत. दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले, तरी लोक बैल-बकऱ्या घेऊन येतातच. तू फाटकाशी बघितलेली बकरी मी म्हटलं तशी शेजारच्यांची नव्हती, पेशंट होती.

इतक्या वर्षांत मी तुला त्यांचं नाव लिहिलं नाही. डॉ. एल. आर. असं लिहायची. लटारू हे नाव आमच्या भागात घरोघरी आहे, पण मला ते तुझ्यापुढे कागदावर काढायची लाज वाटायची. आज ते लिहिताना लाज वाटते ती त्या लाजेची. तू मला कधी कमी लेखलं नाहीस. मला दुसऱ्या कुणापासून नव्हे, तुझ्यापासून लपावंसं वाटलं, हे मलाही नीट समजत नाही.

मी इथे त्यांच्या भावाच्या घरी आले आहे. तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी ते घर सोडून इकडे आले होते. मी सोमवारी खळ्यावर गेले तेव्हा ते भाताच्या पेंढ्या रचत होते. मला बघून म्हणाले, "आली?" मी म्हटलं, माफी मागायला आले.

"कोनाची?"

"तुमची."

"माझी तं तू पत्रांनी मागून राह्यली. पोस्टमन मले म्हने, डॉक्टर, वहिनीले इतकं काय लिवाचं असते? मी म्हटलं, मोटारीचं." मग पेंढी खाली ठेवून म्हणाले, "मले कायले सांगते, शेवंते? मी तं तिथी होतो. जिले सांगाचं तिले तू अजून सांगितलं नाई."

त्यांच्या धाकट्या भावाची बायको केसरबाई आमच्याकडे बघत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, रातच्याले राह्यता का खरंच? मंग मी पोरीची खोली झाडतो." मी राहते म्हटलं. त्यांना खरं वाटलं नाही, संध्याकाळी एसटी निघून गेल्यावर वाटलं.

तेव्हापासून मी हे पत्र लिहिते आहे. दोन कागद फाडले. काल इथवर पुरं झालं ते त्यांना वाचायला दिलं, पुढचं हे आज लिहिते आहे. ते म्हणाले, चष्मा घरी राह्यला, वाचून दाखव. चष्मा त्यांच्या खिशात होता. मी वाचून दाखवलं, खळ्यावर, भाऊजी आणि केसरबाई आणि मळणीला आलेली माणसं बसली होती त्यांच्यासमोर. माझा आवाज शाळेत असायचा तसा निघत नव्हता. ओट्यावरच्या जेवणाचं मी आपणहून लिहिलं नव्हतं, तेव्हा ते म्हणाले, "ओट्याचं राह्यलं." मग मी कागद मांडीवर घेऊन तेही लिहिलं, म्हणून ते तुला या बाजूला आडवं लिहिलेलं दिसेल: दोन दिवस तू आणि मी आत जेवत होतो तेव्हा माझे यजमान स्वतःच्या घराच्या ओट्यावर जेवले आणि ताट मी मोलकरणीच्या हातून पाठवलं. लहानपणी ते तसे खूप वर्षं जेवले होते. मला ते ठाऊक होतं.

देवाजी भाऊजींनी विडी विझवली. मग हे म्हणाले, "अन् सिरोंच्याचं लिही. सिरोंच्याले साथबीथ काई नवती म्हनून लिही. बाई मद्रासले जाऊन लोकायले सांगन तं उगाच भेव पसरते." तेव्हा मात्र केसरबाई पदर तोंडाला लावून हसल्या आणि मग सगळेच. मी नाही हसले. म्हणून लिहिते, सिरोंच्याला साथ नव्हती.

मी त्यांना विचारलं, चंद्रपूरला कधी जायचं. ते म्हणाले, "तिचं उत्तर येऊ दे. काय लिहिते ते पाहू." रागावून नाही म्हणाले. मग त्यांनी माझ्या हातात सूप दिलं. मला पाखडता येत नाही, अर्धं धान्य मातीत जातं, केसरबाई मागून वेचतात. ते बघत असतात.

तेव्हा तू काय लिहायचं ते लिही. रागावली असशील तर तसं लिही, मला ते सगळ्यांपुढे वाचून दाखवावं लागेल आणि मी दाखवीन. पत्र तुकूमच्या पत्त्यावर पाठवू नकोस, ते घर बंद आहे. इथे पाठव. पदवी वगैरे लिहायची गरज नाही. पोंभुर्ण्यात नुसतं लटारू निमगडे लिहिलंस तरी पोचेल.

तुझी
शेवंता